रंग, वास, चव

वुजूचे पाणी पाक आहे की नाही, हे ओळखण्याची कसोटी मदरशातल्या लहान पोरालाही पाठ असते: रंग, वास, चव. कोकणातले आपण बहुतेक शाफई, त्यामुळे कुल्लतैनचा, म्हणजे दोन मोठ्या रांजणांचा, साधारण दोनशे लिटरचा हिशोबही आपल्याला शिकवतात. पाणी त्याहून कमी असेल तर नजासत पडताच ते नापाक होते. तेवढे किंवा जास्त असेल, तर या तिन्हींपैकी एक गोष्ट बदलेपर्यंत ते पाकच राहते.

देवगडात ही कसोटी पुरेशी वाटते. विहीर गढूळ झाली की डोळ्यांना दिसते, डिझेल सांडले की नाकाला कळते. पण टोरांटोला असलेल्या भाच्याने विमानाच्या खिडकीतून काढलेला एक व्हिडिओ पाठवला आणि मी विचारात पडलो. उड्डाणापूर्वी पंखांवर गरम, नारिंगी पाण्याचे फवारे मारत होते. पंखावर बर्फ राहिला तर विमान नीट उचलत नाही, म्हणून ग्लायकोल मिसळलेले पाणी मारून तो वितळवतात. प्रवाशांच्या जिवासाठी ते करावेच लागते. प्रश्न आहे तो खाली गळलेल्या पाण्याचा.

शरियतच्या अर्थाने ग्लायकोल नजासत नाही. पण पाण्यातले जिवाणू ते खातात आणि खाताना पाण्यातला प्राणवायू वापरतात. एक किलो प्रॉपिलीन ग्लायकोल पूर्ण कुजायला सुमारे १.७ किलो प्राणवायू लागतो. अगदी थंडगार पाण्याच्या एका लिटरात तो असतो जेमतेम १४ मिलीग्रॅम. म्हणजे एक किलो ग्लायकोल सुमारे एक लाख वीस हजार लिटर पाण्यातला प्राणवायू संपवू शकते. एवढ्या पाण्यात मिसळल्यावर ना नारिंगी रंग उरतो, ना वास, ना चव. आपल्या तिन्ही परीक्षांत पाणी पास, आणि मासा मात्र गुदमरलेला.

म्हणून तिथे मोजतात. कॅनडाच्या १९९४ च्या मार्गदर्शक सूचनांत विमानतळावरून बाहेर पडणाऱ्या पाण्यात ग्लायकोलची मर्यादा लिटरला १०० मिलीग्रॅम ठेवली आहे. अमेरिकेने २०१२ मध्ये यासाठी स्वतंत्र नियम केले. टोरांटोच्या पिअरसन विमानतळावर फवारणीची जागाच वेगळी आहे. गळलेले पाणी तिथे टाक्यांत गोळा करतात. मोजण्यातही एक मेख आहे. फवारणी आज होते, पण बर्फाच्या ढिगात अडकलेले ग्लायकोल वितळणीच्या दिवशी वाहते. नमुना भलत्याच दिवशी घेतला तर अहवाल स्वच्छ येतो.

आपल्याकडे बर्फ नाही, पण वितळणीचा दिवस आहे. तो म्हणजे मृगाचा पहिला मोठा पाऊस. दिवाळीपासून सड्यावर साचलेले सगळे, रस्त्यावरचे तेल, टायरची भुकटी, हापूसच्या बागांवर मारलेली औषधे, तो काही तासांत वहाळांत आणि खाडीत उतरवतो. जांभा दगड भेगांचा आणि पोकळ्यांचा. काही पाणी त्यातून झिरपून पायथ्याच्या विहिरींकडेही जाते.

मालवणच्या पलीकडे, चिपीच्या सड्यावर ९ ऑक्टोबर २०२१ रोजी आपल्या जिल्ह्याचा विमानतळ सुरू झाला. त्याची धावपट्टी अडीच किलोमीटर लांब आणि ४५ मीटर रुंद. एक सेंटिमीटर पाऊस पडला तरी त्या एका पट्टीवरून अकरा लाख लिटरांहून जास्त पाणी वाहते. ते खराबच असते असे मी म्हणत नाही. धावपट्टीवर टायरचे रबर घासले जाते, उभ्या विमानांखाली इंधनाचे थेंब पडतात. म्हणून ते पहिल्या पावसात तपासावे, एवढेच म्हणणे.

पर्यावरण मंजुरी घेतलेल्या प्रकल्पाला दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटी पाळल्याचा अहवाल द्यावा लागतो, आणि तो कोणालाही पाहता येतो. मे महिन्याच्या कोरड्या नाल्यातून घेतलेला नमुना वहाळाबद्दल काय सांगणार? डिसेंबरचा अहवाल हातात आला की एकच गोष्ट पाहावी: नमुना कोणत्या तारखेला घेतला. जूनच्या पहिल्या पावसात, पाणी कुंपणाबाहेर पडते तिथेच बाटली भरलेली हवी. पुढची तपासणी अवघड नाही. पाणी २७ अंशांवर तीन दिवस ठेवून किती प्राणवायू खर्च झाला ते पाहतात. सोबत तेलाचे प्रमाण.

हीच मागणी देवगडच्या बंदरासाठी आणि आपल्या बागांसाठीही करायला हवी. बागायतदारांत आपली माणसे आहेत, आणि खाडीत उतरून तिसऱ्या काढणाऱ्या बायाही आपल्याच.

साचलेल्या पाण्यात लघवी करू नये, लोक जिथे पाण्याला येतात तिथे घाण करू नये, ही प्रेषितांची (स.) ताकीद आपण लहानपणापासून ऐकतो. तिच्यात वुजूइतकीच आपल्यानंतर त्या पाण्यावर येणाऱ्याची काळजी आहे. येत्या मेमध्ये जुम्म्यानंतर जमातीच्या चार माणसांनी ग्रामपंचायतीत अर्ज द्यावा: पहिल्या पावसाचे पाणी तपासा आणि आकडे फलकावर लावा. अर्जावर खारवाडीतल्या आणि बौद्धवाडीतल्या शेजाऱ्यांच्याही सह्या घ्याव्यात. वहाळ सगळ्यांच्याच दारावरून जातो.