दोन्ही बाजू सुलट

लोकरीच्या विणीतली वेणी सहसा एकाच बाजूने बघायची असते. उलट टाक्यांच्या जमिनीवर सुलट टाक्यांचा पीळ उठून दिसतो. मागून बघाल तर नुसती ओढाताण. स्वेटरला ते चालतं, आतून कोण बघतंय? मफलर मात्र गळ्याभोवती फिरतो आणि मागची बाजू उघडी पडतेच.

अब्बांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. थंडीत फजरच्या नमाजला निघताना मफलर हातात घेऊन दारात थांबतात आणि विचारतात, "सुलट कुठली गं?" आयुष्यभर शिंपीकाम केलेला माणूस! हा प्रश्न विचारणं त्यांना आवडत नाही. ऐकणं मलाही नाही.

म्हणून यंदा वेणीसुद्धा एक सुलट, एक उलट अशीच विणतेय. वेणीचे 16 टाके. पहिले 8 वेगळ्या छोट्या सुईवर घेऊन पुढे धरायचे, पुढचे 8 एक सुलट एक उलट विणायचे, मग छोट्या सुईवरचे तसेच. दर 12 ओळींनी एकदा. सुलट टाके वर येतात, उलट मागे दबतात. पलटलं की दबलेलेच सुलट. पीळ दोन्हीकडे. ही वीण आकसते, त्यामुळे टाके जास्त घालावे लागतात आणि लोकरही भरपूर खाते. खाऊ दे.

काल अर्धा झालेला तुकडा त्यांच्या हातात दिला. अंगठ्याने एक बाजू चाचपली, मग दुसरी.

"दोन पदर जोडलेस?"

"नाही अब्बा, एकच आहे."

विश्वास बसला नसावा. कडेकडेने बोट फिरवत ते शिवण शोधत राहिले.