गटारात कोण उतरतं?

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ आपल्या चळवळीतल्या बहुतेकांनी पाहिलेला आहे. लोकशाहीर नारायण कांबळेंच्या भूमिकेत आपले वीरा साथीदार असल्यामुळे तो आपल्याला घरचाच सिनेमा वाटतो. पण चर्चा होते ती शाहिराची, गाण्याची आणि पोलिसांच्या बनावाची. मला त्यातल्या एका साक्षीबद्दल बोलायचं आहे.

कांबळेंवर आरोप असा, की त्यांचं गाणं ऐकून वासुदेव पवार या सफाई कामगाराने गटारात आत्महत्या केली. त्याची विधवा पिंजऱ्यात उभी राहते आणि विचारलं तेवढं सांगते. संरक्षणाचं साहित्य नव्हतं. गटारातल्या वायूने त्याचा एक डोळा गेला होता. उतरण्याआधी तो आत खडा टाकायचा, झुरळं बाहेर आली की आत हवा आहे असं समजायचा. आणि वास सहन होत नाही म्हणून दारू पिऊन उतरायचा. मेलेल्या नवऱ्याची दारू ती झाकत नाही. तिच्या त्या खरं बोलण्यानेच आत्महत्येची सरकारी गोष्ट ढासळते आणि खरा आरोपी दिसायला लागतो: माणसाला गटारात उतरवणारी जातव्यवस्था.

मराठी नाटकात दारूची सगळ्यात गाजलेली गोष्ट म्हणजे गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’. १९१९ साली ते रंगभूमीवर आलं. हुशार वकील सुधाकर, कोर्टात झालेला अपमान, तळीरामाने पुढे केलेला प्याला. शंभर वर्षं झाली, मराठी प्रेक्षक त्याच्यासाठी हळहळतो आहे. सुधाकर प्याला म्हणून त्याच्या जातीला कुणी दारुडी म्हटलं नाही. आपल्या वस्तीतला माणूस प्याला की मात्र ‘त्यांच्यात चालतंच’ हे ठरलेलं वाक्य येतं. त्यामुळे आपण दारूबद्दल चारचौघांत बोलायला बिचकतो, विरोधकांच्या हातात कोलीत कशाला द्यायचं म्हणून. ही भीती मला समजते. पण तिच्या आडोशाला आणखी काय काय लपलं आहे, तेही बघायला हवं.

कार्ल्याजवळच्या एका विहारात आम्ही ‘कोर्ट’ दाखवला होता. नंतरच्या चर्चेत एक कार्यकर्ता म्हणाला, “बघा, व्यवस्थाच आपल्या माणसाला पाजते.” टाळ्या पडल्या. मागे बसलेल्या एक मावशी उठल्या. लोणावळ्यात बंगल्यांवर धुणीभांडी करतात. त्या म्हणाल्या, “त्या बाईचा नवरा गटारात उतरत होता, दादा. तुम्ही कुठं उतरता?”

पुढे कुणी बोललं नाही. त्या कार्यकर्त्याला पगारी नोकरी आहे, गाडी आहे, मित्रांबरोबरच्या त्याच्या शनिवारच्या बैठका सगळ्यांना ठाऊक आहेत. समाजशास्त्रात आम्ही शिकलो की माणसाच्या वागण्यामागे समाजाची रचना असते. खरंच असते. पण वासुदेव पवारची रचना उसनी आणून स्वतःच्या ग्लासाखाली ठेवणं, याला समाजशास्त्र म्हणत नाहीत. तो मेलेल्या कामगारावर घातलेला भार आहे.

मेलेल्या माणसावर भार टाकायला नकार देणारा एक हॉलिवूडचा सिनेमा आहे, २०१२ चा ‘फ्लाइट’. डेन्झेल वॉशिंग्टन त्यात पायलट आहे. दारू आणि कोकेन घेतलेल्या अवस्थेत तो कोसळणारं विमान उतरवतो. १०२ पैकी सहा जण मरतात, बाकीचे वाचतात. वकील त्याचा रक्त तपासणीचा अहवाल बाद करून घेतो. चौकशीत शेवटी एकच प्रश्न उरतो: विमानात सापडलेल्या व्होडकाच्या रिकाम्या बाटल्या अपघातात मेलेल्या हवाईसुंदरीने प्यायल्या असतील, असं तुम्हाला वाटतं का? ‘हो’ म्हटलं की सुटला. ती स्वतः काही बोलायला येणार नव्हती. त्याच्याने ते ‘हो’ म्हणवत नाही. बाटल्या मीच प्यायलो, आणि आत्ताही प्यायलेलो आहे, हे तो सांगतो आणि तुरुंगात जातो. सिनेमा म्हणून तो थोडा गुळगुळीत आहे, पण हा प्रसंग खरा उतरला आहे.

आपल्या पंचशीलात चौथं शील खोटं न बोलण्याचं आणि पाचवं मद्य न घेण्याचं. बावीस प्रतिज्ञांतही दोन्ही आहेत. पाचवं शील ज्याच्याकडून मोडतं, तो लपवण्यासाठी लगेच चौथं मोडतो. १९५४ साली बाबासाहेबांनी स्वतःच्या हातांनी बुद्धमूर्ती बसवली त्या देहूरोडच्या विहारात २५ डिसेंबरला पंचशील घ्यायचं आणि सहाच दिवसांनी पवना धरणाच्या काठी तंबूत थर्टी फर्स्ट करायचं, हे आपल्याकडे कुणाला माहीत नाही?

याचा दोष फक्त पिणाऱ्याचा नाही, विहारांचाही आहे. शील हे ‘सिक्खापद’ आहे, म्हणजे शिकण्याचा नियम. देवाचा हुकूम नव्हे, की मोडला म्हणजे पाप लागलं. ते मोडलं तर पुन्हा घेता येतं. पण ‘काल माझ्याकडून मोडलं’ असं सांगण्याची जागा आपण विहारात ठेवलेलीच नाही. तोंडाला वास आला की हाकलतो, नाही आला की अध्यक्ष करतो. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसवाले निदान दारूपुढे आपलं काही चालत नाही, या कबुलीपासून सुरुवात करतात. त्यांच्या पायऱ्यांत पुढे ईश्वर येतो, तो आपल्याला नको. पण पहिल्या पायरीला ईश्वर लागत नाही.

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होईल. मावळात नेमके तेच दिवस भुशी धरणावरच्या गर्दीचे. बंगले भरलेले, आपली पोरं त्यांच्यावर केअरटेकर, आणि पाहुणे गेल्यावर उरलेल्या बाटल्या या पोरांच्या हातात. पहिली सवय तिथे लागते, फुकटात. ही सवय मजुरीच्या रचनेतूनच येते, आणि त्याबद्दल बंगलेवाल्यांना जाब विचारायलाच हवा. त्याचबरोबर, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चं रोजचं वाचन संपलं की आठवड्यातून एकदा अर्धा तास फक्त या बोलण्यासाठी ठेवावा, असा प्रस्ताव मी आमच्या भागातल्या विहारांपुढे मांडला आहे. त्यात भाषण नाही, सत्कार नाही, मोबाइलवर चित्रीकरण नाही. आधी घरच्या बायका बोलतील. मग ज्याला बोलायचं असेल तो. पदाधिकाऱ्यांनी शेवटी न बसता पुढे बसायचं आहे. दोन विहारांनी होकार दिला आहे. तिसऱ्याने ‘समाजाची बदनामी होईल’ असं कळवलं आहे. तिथल्या महिला मंडळाशी मी रविवारी बोलणार आहे.