पुराचं पाणी, पीसीचं पाणी

'कॉम्प्युटर' आणि 'पाणी' हे दोन शब्द एका वाक्यात आले, की आपल्याकडे दोनच रिॲक्शन्स मिळतात. एक, 'अरे देवा, तांदळाच्या डब्यात ठेव लवकर!' आणि दोन, 'वेडबिड लागलंय का?' वॉटर कूलिंग ही भानगड माहीत असलेली माणसं तशी थोडीच, आणि त्यातली बरीचशी रात्री तीन वाजता गेम खेळणारी.

खरं तर फंडा एकदम सोपा आहे. प्रोसेसर तापतो. त्याच्या डोक्यावर तांब्याचा एक ठोकळा बसवायचा, त्याच्या आतून पाणी फिरवायचं, तापलेलं पाणी रेडिएटरमध्ये नेऊन पंख्याने गार करायचं आणि परत पाठवायचं. एक पंप, चार नळ्या, छोटीशी टाकी. झालं! पुण्याच्या आयसरमध्ये २०१९ साली बसवलेला 'परम ब्रह्म' हा सुपरकॉम्प्युटर असाच द्रवाने गार होतो. ॲपलने २००४ मध्ये पॉवर मॅक जी-५ मध्ये हा प्रयोग केला होता. त्यातल्या काही मशिन्स नंतर आतल्या आत गळायला लागल्या, त्यामुळे लोकांची भीती अगदीच खोटी आहे असं म्हणता येत नाही.

मला या वाटेला जायचं कारण गेमिंग नाही, पोटापाण्याचं आहे. फ्रीलान्स पत्रकाराला आता नुसतं लिहून भागत नाही, व्हिडिओही कापून द्यावा लागतो. साताऱ्याला घरी बसून एडिटिंग करायचं तर दमदार मशीन हवं, आणि दमदार प्रोसेसर म्हणजे सॉलिड तापणारा प्रोसेसर. बजेट जुळवता जुळवता आठवलं, की सांगलीला मामांच्या माळ्यावर एक खोकं आहे.

खोक्याची स्टोरी जरा मोठी आहे. माझा मामेभाऊ, म्हणजे आमचा दादा, २०१४ मध्ये इंजिनिअरिंगला होता. त्याने साठवलेले पैसे आणि वर्कशॉपच्या नावाखाली मामांकडून घेतलेले बावीस हजार घालून वॉटर कूलिंगचा अख्खा सेट बनवला. मामा आयुष्यभर फिटर. पंप आणि डिझेल इंजिनं यातच केस पांढरे झालेले. त्यांना खरा हिशेब कळला तेव्हा जो भडका उडाला, तो आजही आमच्याकडे लग्नाकार्यात निघतो. "हितं शेताला मोटर न्हाय मिळत लोकांस्नी, आन् ह्यो कॉम्प्युटरला पंप लावतोय!" दादाने उलट उत्तर दिलं. मग बोलणं कामापुरतं, आणि पुढे दादा जर्मनीला गेल्यावर तेही मामींच्या फोनवरून.

ऑगस्ट २०१९ मध्ये महापूर आला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. कृष्णा त्या वेळी ५७ फुटांच्या वर गेली. मामांचं घर गावभागात, तळमजल्याला. दादाचा पीसी खालच्याच खोलीत टेबलाखाली होता. पाणी ओसरल्यावर उघडला तर मदरबोर्ड, पॉवर सप्लाय, ग्राफिक्स कार्ड, सगळं चिखलात गेलेलं. दादाने फोटो बघून मेसेज केला, 'फेकून द्या.'

मामांनी फेकलं नाही. बंद नळ्यांच्या आत पुराचा थेंब शिरला नव्हता, हे त्यांनी एका नजरेत ओळखलं. ठोकळा, रेडिएटर, पंप, टाकी आणि पितळी जोड सोडवले, धुतले, पेपरात गुंडाळून माळ्यावर टाकले. कुणाला सांगितलं नाही. मला हे मामींकडून कळलं, तेही 'तू बोललीस असं सांगू नको' या अटीवर.

तर मी कराडमार्गे एसटीने सांगली गाठली. खोकं उघडलं. मामांनी एक जोड उचलला, नख फिरवलं आणि म्हणाले, "आगं, ह्यो तर पाव इंची बीएसपी आटा!" अगदी बरोबर. जगभरच्या वॉटर कूलिंगवाल्यांनी डोक्यावर घेतलेला 'जी वन-फोर' म्हणजे आपल्या नळकामातला पाव इंची आटा. म्हणूनच दहा वर्षांपूर्वीचा रेडिएटर आजच्या पंपाला सरळ जोडता येतो. प्रोसेसर बदलले, सॉकेट बदलले, आटा तोच राहिला.

इथे एक सांगायलाच हवं. या पट्ट्यात पंप-इंजिनं म्हणजे घरचीच माणसं. लक्ष्मणराव किर्लोस्कर १९१० मध्ये बेळगावहून कुंडलच्या माळावर आले, ती जागा औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेली. औंध आज सातारा जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. आणि साताऱ्याचे धनजीशा कूपर, ज्यांच्या नावाची डिझेल इंजिनं अजून लोकांना आठवतात, ते १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधानही होते. इंजिनाभोवती पाणी फिरवून त्याला गार ठेवणं इथल्या फिटरला शिकवावं लागत नाही. बाहेर २००० च्या आसपास हौशी पोरं पीसीला गाडीच्या हीटरमधला रेडिएटर लावत होती, हे सांगितलं तेव्हा मामा म्हणाले, "मग? त्यात काय नवीन?"

आता कामाची गोष्ट. जुन्या सेटमधलं काय घ्यायचं? माझा नियम असा, की धातू ठेवायचा, रबर फेकायचं. नळ्या कितीही चांगल्या दिसल्या तरी नवीन. त्या कडक होतात आणि त्यातलं रसायन पाण्यात उतरून चिकट थर धरतो. जोडांच्या ओ-रिंग्जही नवीन. मामांच्या डबीत त्या मापाच्या मूठभर निघाल्या. रेडिएटरच्या पत्र्यांत पुराचा गाळ अजून होता. तो भिजवून, मऊ ब्रशने, हलक्या धारेने काढला. जोर लावला तर ते पत्रे कागदासारखे मुडपतात. आतून गरम पाणी, मग पातळ व्हिनेगर, मग बाटलीबंद डिस्टिल्ड वॉटर, ते पाणी स्वच्छ बाहेर येईपर्यंत. पहिल्या दोन खेपांना चहासारखं आलं. मग एक तोंड बंद करून सायकलच्या पंपाने बेताची हवा भरली आणि बादलीत बुडवला. पंक्चरवाला ट्यूब बघतो तसं. बुडबुडा नाही. पास!

ठोकळा उघडला. आत केसाएवढ्या बारीक खाचा असतात, त्यात हिरवट बुरशीसारखं साचलं होतं. जुना टूथब्रश. विषय संपला.

खरा लोचा होता बसवण्याचा. दादाचा ठोकळा ज्या सॉकेटसाठी होता, त्याची चार भोकं ७५ मिलिमीटरच्या चौकोनात. इंटेलने २०२१ मध्ये नवं सॉकेट आणलं, त्यात ती ७८ झाली आणि प्रोसेसरची उंचीही किंचित कमी झाली. म्हणजे प्रत्येक भोक दीड-दीड मिलिमीटर बाहेर. एवढ्याशा फरकाने एक ठणठणीत तांब्याचा ठोकळा भंगार ठरतो. त्या जुन्या मॉडेलची नवी पट्टी मला कुठे मिळेना. मामा मला स्कूटरवर घालून कुपवाडला ओळखीच्या वर्कशॉपमध्ये घेऊन गेले. स्टीलचा तीन एमएमचा तुकडा, रेघा, सेंटर पंच, ड्रिल, कानस. दोन तास. प्लेट व्हर्नियरने मोजली. ७८. मी फक्त एक हट्ट धरला, स्क्रूखाली नायलॉनचे वॉशर. मदरबोर्डवर उघडं स्टील टेकलं तर सगळा खेळ खलास.

आमचं वाजलं ते पंपावरून. मामांनी तो उघडून, साफ करून, बारा व्होल्टवर चालवून दाखवला. चालला! अगदी गुपचूप, जराही घरघर न करता. पण पंपाच्या पाठीला इलेक्ट्रॉनिक्स असतं आणि ते पुरात आठवडाभर बुडालेलं. ठोकळा आणि रेडिएटर नुसते धातूचे असतात, पंप तसा नसतो. मी म्हटलं, मामा, नवा घेते. ते काही बोलले नाहीत. पंप फडक्यात गुंडाळला आणि चहा सांगायला आत गेले. त्यांना त्या खोक्यातलं सगळंच्या सगळं चालवून दाखवायचं होतं, आणि कुणाला दाखवायचं होतं ते मला कळत होतं. तरीही माझं डेडलाइनचं मशीन होतं. पंप नवाच घेतला.

साताऱ्याला मामा स्वतः आले जोडणीला. जुळणी झाल्यावर मदरबोर्डला करंट न देता, पॉवर सप्लायच्या मोठ्या प्लगमधली हिरवी आणि काळी वायर जोडून फक्त पंप चालवला. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर. चोवीस तास. रात्री मामा तीनदा उठून टॉर्च मारून गेले. टिश्यू कोरडे.

पैशाचं म्हणाल तर हिशेब फार दिमाखदार नाही. नवा पंप, नळ्या, पाण्यात घालायचं गंज आणि शेवाळाविरुद्धचं औषध धरून, तयार बंद कूलर आणला असता त्यापेक्षा सातशे रुपये वाचले. ते एसटी आणि स्कूटरच्या पेट्रोलमध्ये गेले. पण तयार कूलरमधलं पाणी वर्षानुवर्षं नळीतून हळूहळू उडत जातं. त्यातल्या बहुतेकांत ते परत भरता येत नाही, आणि पंप गेला की अख्खा डबा कचऱ्यात. माझ्याकडे जे बिघडेल ते एकटंच बदलता येईल. मला हा सौदा परवडतो. गावभागच्या उन्हाळ्यापेक्षा साताऱ्याची हवा गार, त्याचाही फायदा होतो. पाणी खोलीपेक्षा गार कधीच होत नाही, खोली गार तर पाणी गार.

पहिला व्हिडिओ रेंडर होत असताना मी दादाला व्हिडिओ कॉल लावला. कॅमेरा आधी पीसीवर. तो ठोकळा ओळखून गप्पच झाला. मग विचारलं, "हा या सॉकेटवर बसला कसा?" मी फोन मामांच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात गेले. आतून ऐकू येत होतं ते सगळं भोकं, स्प्रिंग आणि पाण्याच्या दाबाबद्दल. बावीस हजारांचा विषय निघाला नाही. चाळीस मिनिटांनी मामांनी फोन परत दिला आणि वहीचं पान मागितलं. दादाला प्लेटचं ड्रॉइंग हवं होतं. त्यांनी पट्टीने ते काढलं, ७८ च्या खाली दोन रेघा ओढल्या आणि मला फोटो पाठवायला लावला.

जुना पंप त्यांनी सांगलीला परत नेला. डेझर्ट कूलरला बसवणार आहेत म्हणे.