गाडीतल्या शेगडीची ज्योत पिवळी दिसली तर आधी दार उघडा

पोस्ट मोठी आहे, पण पावसाळ्यात घाटाकडे येणाऱ्या ओळखीच्यांना जरूर पाठवा.

जून लागला की वेल्ह्याहून पासलीमार्गे केळदकडे गाड्यांची रांग लागते, हे तुम्हाला सांगायला नको. मढे घाट, लक्ष्मी धबधबा, रील. त्यावर बोलून झालंय, पुन्हा बोलूच. दोन-तीन वर्षांपासून या रांगेत एक नवा प्रकार दिसतोय. आत पलंग, ओटा आणि गॅसची शेगडी असलेल्या गाड्या. काही कंपनीनं बांधलेल्या, भाड्यानं आणलेल्या कॅम्परव्हॅन. बऱ्याचशा जुन्या ईकोत नाहीतर ट्रॅव्हलरमध्ये घरीच प्लाय ठोकून केलेल्या. मी शेगड्या दुरुस्त करतो, मुळात गावातल्या आणि आसपासच्या हॉटेलवाल्यांच्या. पण आता शनिवारी संध्याकाळी दारात गाडी थांबते आणि विचारणा होते, "दादा, बर्नर नीट पेटत नाही, बघता का?" बघतो. आणि जे दिसतं त्यानं झोप उडते.

दहातल्या सात-आठ तक्रारी हवेच्या असतात. शेगडीच्या बटणामागे एक बारीक जेट असतो. त्यातून गॅस जोरात सुटतो आणि जाताना बाजूची हवा ओढून घेतो. नळीत दोन्ही मिसळून बर्नरच्या भोकांतून बाहेर येतात, तेव्हा ज्योत निळी जळते. हवा कमी पडली की ज्योत पिवळी, लांब, लवलवती होते आणि टोपाचं बूड काळं पडतं. गाडी आठ-दहा महिने पार्किंगमध्ये उभी असते. तेवढ्यात त्या नळीत कोळिष्टक धरतं, कधी कुंभारमाशी मातीचं घर करते. मग वरून बर्नर कितीही घासा, काही उपयोग नाही. बर्नर उचलून नळी आरपार साफ करावी लागते. जेटचं भोक मात्र पिनेनं किंवा सुईनं कोरू नका. ते थोडं जरी मोठं झालं तरी गॅस जास्त सुटतो आणि ज्योत कायमची पिवळी होते. जेट बदलायला फार पैसे लागत नाहीत.

उलटी तक्रारही येते. ज्योत बर्नरवर बसतच नाही, भुर्रकन वर उडते, फरफर आवाज करते. तिथं रेग्युलेटर बघायचा. भटारखान्याच्या भट्टीला लावतात तो जास्त दाबाचा, फिरवायचा रेग्युलेटर लोक घरगुती शेगडीला लावून आणतात. ती शेगडी, तिची नळी, तिचे कॉक तेवढ्या दाबासाठी नसतात. आणि काहीजण तर बाजारातली डबा टाकी आणतात, बर्नर थेट वरच फिरवून बसवलेला, रेग्युलेटरच नाही. ती घरच्या टाकीतून भरून घेतलेली असते. असं भरणं बेकायदा आहे आणि भरताना किती भरली हे कुणाला कळत नाही. तेल कंपन्यांची ५ किलोची टाकी ओळखपत्र दाखवून मिळते, तीच घ्या ना.

बाहेरच्या बांधणीच्या शेगड्यांत आणखी एक गोष्ट असते. ज्योतीला लागून एक बोटभर दांडी असते, थर्मोकपल. ती तापलेली असेल तोवरच गॅस चालू राहतो. वाऱ्यानं ज्योत विझली की दांडी थंड होते आणि गॅस आपोआप बंद. लोक येतात ते हे सांगत की बटण सोडलं की शेगडी विझते, खराब झालीय. बहुतेक वेळा दांडीवर काजळी असते, नाहीतर ती ज्योतीपासून सरकलेली असते. पुसा, सरळ करा, पेटवल्यावर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. एका पठ्ठ्यानं बटण दाबलेलं राहावं म्हणून त्यात आइस्क्रीमची काडी खोचली होती. म्हणजे ज्योत विझली तरी गॅस चालूच. ती काडी मी ठेवून घेतलीय.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. आडवा येतो. दार उघडं ठेवलं तर अंथरूण भिजतं, म्हणून लोक काचा लावून घेतात आणि आत मॅगी, चहा, भजी चालू. बंद गाडीत शेगडी तीच हवा खाते जी माणसं घेतात. हवा कमी पडली की साफ असलेला बर्नरही पिवळा जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. टाकीतल्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम वास घातलेला असतो, याला तो नाही. रक्तात ऑक्सिजनची जागा हा पटकन बळकावतो. माणसाचं डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते.

आणि इथंच आपल्या भागातली गंमत, म्हणजे गंमत कसली. पाबे घाटातनं वळणं घेत आलेल्या माणसाला मळमळलं की तो म्हणतो, गाडी लागली. गेल्या श्रावणात आमच्या घराखाली एक गाडी मुक्कामाला होती. नवरा, बायको, दोन लेकरं. रात्री नऊच्या सुमारास बाई दारात आल्या, लेकराला उलटी झाली म्हणून लिंबू मागायला. मी विचारलं, ताई, गाडी कधी लावली? म्हणाल्या, चार वाजता. घाटानं लागलेली मळमळ गाडी थांबल्यावर उतरते, पाच तासांनी सुरू होत नाही. खाली जाऊन बघितलं तर काचा बंद, मोजे वाळवायला दोन्ही बर्नर चालू, ज्योत पिवळीधमक, आणि साहेब म्हणतायत डोकं जड झालंय. सगळ्यांना ओटीवर आणून बसवलं, मग वेल्ह्याला दवाखान्यात धाडलं. सुखरूप घरी गेले. एकाच वेळी सगळ्यांचं डोकं दुखतंय आणि बाहेर आल्यावर बरं वाटतंय, तर दोष जेवणाचा समजू नका.

त्या गाडीत आणखी एक बघितलं. ओट्याखालच्या कपाटात तळाला बोटभर भोक होतं, आणि त्यात फडकं कोंबलेलं. त्यातनं गार वारा येतो, पाणी उडतं म्हणून. अहो, ते भोक बांधणाऱ्यानं मुद्दाम ठेवलेलं असतं. आपला गॅस हवेपेक्षा जड. गळला तर वर जात नाही, खाली पाण्यासारखा साचतो. पलंगाखाली, कपाटात, पायाशी. ते भोक म्हणजे त्याची मोरी. खिडकी उघडून खाली साचलेला गॅस पूर्ण निघत नाही. घरी बांधलेल्या गाड्यांत तर बहुतेक भोकच नसतं. त्यामुळे गळतीचा अलार्म घेतलात तर तो खाली, फरशीजवळ लावायचा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा असतो, तो झोपता त्या उंचीला. एकाचं काम दुसरा करत नाही.

टाकी कायम उभी आणि पट्ट्यानं बांधलेली हवी. पलंगाखाली मावत नाही म्हणून आडवी ठेवली की रेग्युलेटरमधून वायूऐवजी पातळ गॅस येतो आणि ज्योत एकदम भडकते. गाडी चालू असताना टाकीचा नॉब बंद. नारिंगी सुरक्षा नळी घरी पाच वर्षांनी बदलतो, गाडीत ती पत्र्याला घासते, तेव्हा दर वर्षी हात फिरवून बघा. गळती बघायला साबणाचं पाणी, काडी नाही. वास आला तर टाकी बंद, माणसं बाहेर, दिवा-पंखा-स्टार्टर कशालाही हात नाही, आणि लांब जाऊन १९०६ ला फोन.

हे अतिशयोक्त वाटत असेल तर आठवा. २६ ऑगस्ट २०२३, मदुराई. लखनौहून आलेल्या पर्यटकांच्या रेल्वेडब्यात चोरून आणलेल्या सिलिंडरवर चहा करताना आग लागली, नऊ माणसं गेली. डबा उभा होता, चालूसुद्धा नव्हता. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकऱ्याला रस्त्याकडेला उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोघे मेलेले सापडले. तिथं शेगडी नव्हती, जनरेटरचा धूर आत शिरला होता. पण मारणारा वायू तोच.

राज्यानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चांगलं आहे, चार पैसे आपल्याकडेही येतील. पण पावसाळ्यात घाटाकडच्या गाड्यांची तपासणी होते ती बाटल्यांसाठी. टाकी उभी आहे का, हे कुणी विचारत नाही. पार्किंगच्या जागी चार खांबांची, चारी बाजू उघडी एक पत्र्याची शेड आणि सिमेंटचा ओटा झाला, तर पावसात कुणाला गाडीत स्वयंपाक करावा लागणार नाही. हा अर्ज मी एका कार्यालयात मागच्या वर्षी दिला होता, "निधी बघू" असं उत्तर मिळालं. शेडला किती निधी लागतो हे आपल्या गवंड्यांना विचारा.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय मी मांडतोय. पासली, केळदच्या मंडळींनी आणि ज्यांच्या दारात गाड्या मुक्कामाला लागतात त्यांनी यावं. तोपर्यंत रात्री बंद काचांमागे पिवळा उजेड हलताना दिसला तर लाजू नका, काच वाजवा. आणि येणाऱ्यांनी घाट चढण्याआधी माझ्याकडं थांबा. साबणपाणी लावून बघायला दहा मिनिटं लागतात, त्याचे पैसे मी घेत नाही.