स्ट्रॅटोस हवी, पण पळणारी!

मारुती ८०० आठवतेय ना? तुमच्या-आमच्यापैकी निम्म्या लोकांच्या घरातली पहिली गाडी. तिच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २१७५ मिलिमीटर. त्यात फक्त पाच मिलिमीटर मिळवा. मागच्या सीटच्या जागी फरारीचं २.४ लिटरचं व्ही-सिक्स इंजिन आडवं बसवा, छप्पर कमरेइतकं खाली आणा आणि वर पाचरीसारखं टोकदार कवच चढवा. झाली लान्चिया स्ट्रॅटोस! रॅलीच्या जगातली सगळ्यात देखणी आणि सगळ्यात अवखळ गाडी. एवढ्या आखूड व्हीलबेसवर मागून ढकलणारे १९० हॉर्सपॉवर, म्हणजे वळणावर जरा पाय चुकला की गाडी स्वतःभोवती फुगडी घालणार.

ही गाडी बर्टोने कंपनीत मार्चेल्लो गांदीनी नावाच्या डिझायनरने रेखाटली. त्याआधी १९७० च्या ट्यूरिन मोटर शोमध्ये बर्टोनेने स्ट्रॅटोस झीरो नावाचं एक अजब प्रकरण मांडलं होतं. उंची जेमतेम ८४ सेंटिमीटर. स्वतः नुच्चो बर्टोने ती चालवत लान्चियाच्या फाटकाच्या दांड्याखालून थेट आत घेऊन गेले, असा किस्सा मोटरवेडे आजही मिटक्या मारत सांगतात. त्यातून पुढे जी खरीखुरी रॅली कार आली, तिने १९७४, १९७५ आणि १९७६ अशी सलग तीन वर्षं लान्चियाला जगज्जेतेपद मिळवून दिलं. सान्द्रो मुनारीने तिच्यातून १९७५ ते १९७७ सलग तीनदा मॉन्टे कार्लो जिंकली. दारांच्या आतल्या बाजूला हेल्मेट ठेवण्याएवढे मोठे कप्पे आहेत, यावरूनच ओळखा की ही गाडी भाजी आणायला बनवलेली नव्हती.

अडचण एवढीच, की बनल्या जेमतेम पाचशेच्या घरात. आज अस्सल स्ट्रॅटोस घ्यायची तर चार-पाच कोटी रुपये मोजायची तयारी हवी. आणि मोजलेच, तर ती दगडधोंड्यांत कोण घालणार?

इथे आमच्या दादाची एन्ट्री होते.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. शिक्षण पुण्यात, नोकरी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत, वय अडतीस, उंची सहा फूट एक इंच (ही उंची लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे). टाटांनी २००८ मध्ये जग्वार लँड रोव्हर घेतली तेव्हापासून या भागात पुण्याच्या इंजिनिअर्सना मराठी कानावर पडण्याचं फारसं अप्रूप राहिलेलं नाही. मागच्या उन्हाळ्यात मी त्याच्याकडे दोन आठवडे राहायला गेले. लंडन, बिग बेन, मादाम तुसाँ असा माझा प्लॅन होता. दादाचा प्लॅन वेगळा होता. आठ वर्षं साठवलेले पैसे, एका माणसापुरतं गॅरेज आणि तेरा शीट्सची एक एक्सेल फाइल. फाइलचं नाव: ‘स्ट्रॅटोस फायनल फायनल’.

कॉव्हेंट्री हे गाव पर्यटकांच्या यादीत सहसा नसतं. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन बॉम्बहल्ल्यात अर्धं गाव बेचिराख झालं. जुन्या कॅथीड्रलच्या छप्पर नसलेल्या भिंती तशाच ठेवून शेजारी नवं कॅथीड्रल उभारलंय. त्या भग्न भिंतींत संध्याकाळी नुसतं उभं राहावं. पाच मिनिटं कुणाशी बोलावंसं वाटत नाही. तिथून चालत काही मिनिटांवर ट्रान्सपोर्ट म्युझियम आहे. १९९७ मध्ये जमिनीवर आवाजाचा वेग ओलांडणारी थ्रस्ट एसएससी तिथे ठेवलीय, पण दादा मला ओढत घेऊन गेला तो जुन्या हिलमन गाड्यांकडे. हिलमन म्हणजे या गावचं लेकरू. १९६८ ची लंडन ते सिडनी मॅरेथॉन जिंकली ती अँड्र्यू कॉवनच्या हिलमन हंटरने, आणि त्या शर्यतीतल्या गाड्या जमिनीवरून धावत आल्या त्या थेट आपल्या मुंबईपर्यंत. तिथून ‘चुसान’ या बोटीत चढून ऑस्ट्रेलियाला गेल्या. माझे मावसकाका तेव्हा दहा वर्षांचे होते. धुळीने माखलेल्या त्या गाड्या आपण बघितल्या, हे ते आजही लग्नकार्यात सांगतात. दादाच्या डोक्यातला किडा कुठून आला, ते कळलं असेल.

तर, रेप्लिका किट. हा प्रकार आपल्याकडे फारसा माहीत नाही, इंग्लंडमध्ये मात्र तो जवळजवळ कुटीरोद्योग आहे. कंपनी तुम्हाला चॅसी, फायबरग्लासची बॉडी, काचा, दिवे असा संसार देते. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक वगैरे तुम्ही एखाद्या जुन्या गाडीतून काढायचे. त्या बिचारीला ‘डोनर’ म्हणतात. मग दोन-तीन वर्षं शनिवार-रविवार गॅरेजमध्ये. कॉव्हेंट्रीजवळच्या स्टोनली पार्कात, जिथे २००९ पर्यंत गाईबैलांचं रॉयल शो प्रदर्शन भरायचं, तिथेच वर्षानुवर्षं मे महिन्यात किटकारवाल्यांची जत्रा भरत आलीय. स्ट्रॅटोसच्या बाबतीत हॉक आणि लिस्टर बेल ही दोन नावं या मंडळींच्या तोंडी सतत असतात.

दादाच्या एक्सेलमधली निम्मी शीट्स इंजिनावर होती. फरारीचं डिनो इंजिन विसरा, त्या एका इंजिनाच्या पैशांत अख्खं किट येईल. सगळ्यांची लाडकी निवड म्हणजे अल्फा रोमिओचं व्ही-सिक्स. जुसेप्पे बुस्सो या इंजिनिअरचं हे अपत्य. २००५ च्या शेवटी त्याचं उत्पादन थांबलं आणि त्यानंतर काही दिवसांतच बुस्सोही गेले. वर क्रोमच्या चकचकीत नळ्या आणि आवाज असा, की शेजारीसुद्धा तक्रार करायच्या आधी क्षणभर ऐकत बसावा. अल्फा १६४ किंवा जीटीव्हीत ते पुढे आडवं बसतं. तोच इंजिन-गिअरबॉक्सचा गठ्ठा उचलून ड्रायव्हरच्या पाठीमागे ठेवायचा, की स्ट्रॅटोसची मूळ मांडणी तयार. दुसरा पर्याय लान्चिया बीटाचं दोन लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन. हलकं, साधं आणि खानदानीही. पण बीटा ही गाडी गंजण्यासाठी इतकी बदनाम झाली, की चांगली डोनर शोधणं हाच एक वेगळा खेळ.

इथवर सगळं छान चाललं होतं. मग वहिनीने जेवताना एक वाक्य टाकलं.

“गाडी घे. पण ती शर्यतीत पळली पाहिजे. कव्हर घालून गॅरेजमध्ये ठेवायला आणि रविवारी फोटो काढायला मी आठ वर्षांची बचत देणार नाही.”

खरं सांगू? मला वाटलं होतं ती सरळ नाही म्हणेल. स्वयंपाकघर वाढवायचं काम त्याच पैशांसाठी तीन वर्षं रखडलंय. पण तिच्या या एका अटीने तेरा शीट्स पुन्हा कोऱ्या झाल्या.

कारण ‘स्पर्धेसाठी’ म्हटलं, की पहिला प्रश्न दिसण्याचा नसतो, कागदाचा असतो. ऐतिहासिक गाड्यांच्या रॅलीत उतरायचं तर गाडी त्या काळच्या होमोलोगेशनच्या कागदांशी जुळायला हवी. अस्सल स्ट्रॅटोसचा मधला भाग पत्र्याच्या चौकटीचा आणि इंजिन डिनोचं. अल्फाचं इंजिन आणि वेगळी चॅसी असलेली किटकार तिथे दारातूनच परत. जंगलातल्या स्टेज रॅलीत पळायचं, तर रोल केज, लॉगबुक, शेजारी को-ड्रायव्हर, मागे सर्व्हिस व्हॅन आणि एखादं झाड आडवं आलं तर नवी बॉडी. स्ट्रॅटोसचा पुढचा आणि मागचा भाग म्हणजे एकेक अखंड पेटारा. पत्रा ठोकून सरळ करता येतो, फायबरग्लासला तडा जातो.

मी माझं डोकं चालवलं आणि विचारलं, मग फोर्ड एस्कॉर्ट का नाही? माझ्या मते हे शहाण्या माणसाचं उत्तर आहे. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, सगळं उघडं आणि सोपं. १९७२ ते १९७९ अशी सलग आठ वर्षं ब्रिटनची आरएसी रॅली एस्कॉर्टने जिंकलीय. नॉर्थ वेल्समध्ये एमएसटी नावाची कंपनी आजही त्या धाटणीच्या गाड्या नव्याने बांधते. पार्ट मिळतात, मेकॅनिक मिळतात, सल्ला तर न मागता मिळतो. दादाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “तू म्हणतेस ते सगळं बरोबर आहे. पण लहानपणी माझ्या भिंतीवर एस्कॉर्ट नव्हती गं.” यावर काय बोलणार!

उरला एक मार्ग: हिलक्लाइंब. घड्याळ लावून एकेकट्याने टेकडी चढायची. इथे किटकार आणि रेप्लिकांनाही वर्गवारीत जागा मिळते. आणि रस्त्यावरच्या वर्गात बसणारी गाडी असली, की ट्रेलरची भानगड नाही. सकाळी चालवत जायचं, दिवसभर पळायचं, संध्याकाळी चालवत घरी. म्हणून एका शनिवारी आम्ही तिघं निघालो वूस्टरशायरमधल्या शेल्सली वॉल्शला. डब्यात थालीपीठं आणि लोणी.

ही जागा बघाच. मोटर स्पोर्ट म्हणजे स्टेडियम, जाहिराती, दणदणाट असं डोक्यात असेल तर ते गाडीतच ठेवून उतरा. हिरव्या टेकड्या, एक जुनं चर्च, एक पाणचक्की, शेतघर. आणि त्या शेतघरामागून झाडीत शिरणारा एक अरुंद चढ. १९०५ पासून गाड्या याच वाटेने चढताहेत, आजची लांबी हजार यार्ड, म्हणजे ९१४ मीटर. सर्वांत वेगवान गाड्यांना २३ सेकंदही लागत नाहीत. आपला सिग्नल याहून जास्त वेळ लाल असतो! पॅडॉकमध्ये कुणीही फिरावं. सत्तरीचे आजोबा स्वतःच्या हाताने प्लग बदलत असतात आणि त्यांची नात टायर पुसत असते. एकच गाडी दोघं आळीपाळीने चालवतात, नवरा-बायको, बाप-मुलगी. दादा ‘एस’ नावाच्या डावी-उजवीच्या वळणांपाशी तासभर खांबासारखा उभा होता. आखूड व्हीलबेसची गाडी तिथे कशी वळेल, याचं गणित बोटांनी हवेत चाललेलं.

पुढच्या आठवड्यात दोन तयार रेप्लिका बघितल्या, दोन वेगवेगळ्या मालकांच्या गॅरेजमध्ये. दोन्हींची चॅसी वेगळ्या घराण्याची.

पहिली हुबेहूब. मुनारी येऊन बसला तरी फसेल, इतकी. डॅशबोर्ड, स्विच, दारातले हेल्मेटचे कप्पे, सगळं जिथल्या तिथे. दादा आत बसला. म्हणजे घड्या घालून बसवला. हेल्मेट घातलं आणि मान आपोआप एका खांद्यावर गेली. रोल केजची आडवी नळी अजून बसायचीच होती. मालक सभ्य माणूस, हसू दाबत म्हणाला, “काही लोक गुडघे थोडे कमी करतात.”

दुसरी जरा खोटी. जाणकाराने दोन मिनिटांत पकडावी अशी. पण तळ काही सेंटिमीटर खाली घेतलेला, पेडल पुढे सरकवलेले, केजच्या नळ्या चॅसीतच मिसळलेल्या, आणि इंजिनाकडे पाना घेऊन पोचायला हाताला जागा. याच मालकाने आयव्हीएची कहाणी सांगितली. आयव्हीए म्हणजे हाताने बांधलेल्या गाडीला रस्त्यावर येण्याआधी द्यावी लागणारी सरकारी परीक्षा. २००९ मध्ये ती जुन्या एसव्हीएच्या जागी आली. बाहेरची कुठलीही कड अडीच मिलिमीटर गोलाईपेक्षा धारदार नको. परीक्षक १०० मिलिमीटरचा गोल घेऊन गाडीवरून फिरवतो, तो जिथे जिथे टेकेल तिथे तिथे तपासणी. इतकं करून डोनरचा इतिहास सिद्ध झाला नाही, तर नंबरप्लेट ‘क्यू’ने सुरू होणारी. म्हणजे या गाडीचं वय सरकारला माहीत नाही, हे जगाला सांगणारी पाटी. हुबेहूबवाल्यांना ती पाटी जिव्हारी लागते. या माणसाच्या गाडीवर तीच होती आणि दारावर शर्यतीचे नंबर चिकटवून काढल्याच्या खुणा.

दादा दुसऱ्या गाडीत बसला. हेल्मेट आणि छपरामध्ये माझी दोन बोटं गेली. तो काहीच बोलला नाही, नुसता स्टिअरिंग धरून बसला. मला कळत होतं, मनात पहिली आहे आणि मापात दुसरी. लग्न जुळवतानाचा जुनाच घोळ!

“उतर जरा,” वहिनी म्हणाली. उंची पाच फूट दोन इंच. ती सहज आत सरकली, सीट पुढे घेतली, हेल्मेट चढवलं, क्लच दाबून बघितला, गिअर टाकून बघितले. मग मालकाला विचारलं, किल्ली मिळेल का. बुस्सोचं ते इंजिन तिच्या पाठीमागे जागं झालं आणि गॅरेजच्या पत्र्याने सूर धरला. वहिनीचा चेहरा हेल्मेटमध्ये दिसत नव्हता, पण पाच मिनिटं झाली तरी बाई उतरेनात.

त्या रात्री एक्सेलमध्ये चौदावं शीट उघडलं गेलं. चॅसी दुसरीच, खाली घेतलेल्या तळाची. इंजिन अल्फाचं तीन लिटर. रंग अजून ठरायचाय, त्यावरून वाद चालू आहे. सीट मात्र पुढे-मागे सरकणारी, रुळांवरची; वजन थोडं वाढतं, पण दोघांना चालवायची तर इलाज नाही. वहिनीने लॅपटॉप स्वतःकडे ओढून शर्यतीच्या परवान्याची माहिती वाचायला घेतली. स्वयंपाकघराचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाली, “दोन वर्षं गॅरेजमध्येच जेवणार आहोत, स्वयंपाकघर कशाला हवंय?”

मी परत आले त्या आठवड्यात अनामत भरली गेली. मावसकाकांना फोनवर सांगितलं, तर त्यांनी एकच विचारलं, “दुसऱ्या सीटवर माणूस बसतो ना?” हिलक्लाइंबमध्ये नाही बसत, काका. पण घरी परत येताना बसेल.