काळ्या मातीतली पिकअप

चुडाव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात चाकाला असा चिखल धरते की ट्रॅक्टरसुद्धा थबकतो. गोदाकाठ, पांदणी पाहत हिंडायला मी जुनी फोर बाय फोर पिकअप घेतली. मित्र म्हणाले, आधी उंची वाढव, दिवे लाव. पण १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ अशा मनमानी बदलांना आडवं येतं. म्हणून पैसे खोल खाचांच्या टायरवर, दोरखंडावर आणि फावड्यावर घातले. अम्मी विचारते, "एवढा खर्च नुसता फिरायला?" भर पावसात शेतवस्तीवरच्या अडलेल्या बाईला डांबरी रस्ता गाठायचा असतो, तेव्हा उत्तर हीच गाडी देते. हौसेची गाडी गावाच्या कामी आली, तरच तिचं डिझेल हलाल वाटतं.