दिव्याच्या फलाटावर

दिवा हे मुक्कामाचे गाव नव्हे, गाडी बदलायचे ठिकाण. मुंबई-कल्याणची धोपट वाट सोडून येथून एक फाटा पनवेलकडे उतरतो, दुसरा वसईला जातो. वसईच्या गाड्या मोजक्याच. एक चुकली की फलाटावर बैठक मारण्यावाचून गत्यंतर नाही!

गेल्या दिवाळीत माझे असेच झाले. बाकावर शेजारी वसईच्या एक आजी होत्या. गळ्यात क्रूस, मांडीवर पिशवी. मी डबा उघडून चकली पुढे केली. त्यांनी पिशवीतून सुकेळी काढली. ओळख झाल्यावर मी भीतभीतच विचारले, "आजी, आमच्यात या, असं दुसऱ्यांना सांगावं लागतं ना तुम्हांला?"

त्या हसल्या. "आधी खायला द्यायचं. कुणी विचारलं, तर मग बोलायचं."

मला नारायण वामन टिळक आठवले. येथून चौथे स्टेशन कल्याण. त्यांचे बालपण तेथेच गेले. त्यांची वाट बदलली तीही आगगाडीतच. १८९३ च्या सुमारास, नागपूरहून राजनांदगावला जाताना, एका गोऱ्या सहप्रवाशाशी काव्यावर गप्पा रंगल्या. निघताना त्याने 'नवा करार' हाती ठेवला. वाचता वाचता टिळक गिरिप्रवचनाशी थबकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पण लक्ष्मीबाईंना बातमी कळली ती मागाहून! त्या माउलीचा संसार एका दिवसात मोडला. पुढली काही वर्षे तिने नवऱ्यावाचून काढली. एकाला उजेड दिसला आणि घरात मात्र अंधार झाला, हे विसरून कसे चालेल?

पुढे ती दोघे एकत्र आली, तरी लक्ष्मीबाईंचे सोवळे सुटले नव्हते. टिळकांनी ते चालू दिले. पाणीसुद्धा त्या वेगळे ठेवीत. जातिभेद देवाने नव्हे, माणसाने केला, हे एके दिवशी त्यांचे त्यांनाच उमगले, आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. जे टिळकांच्या घाईने साधले नाही, ते त्यांच्या थांबण्याने साधले. पुढे टिळकांनी ख्रिस्त सांगितला तोही अभंगांतून. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते म्हणत.

गाडी आली. आजी बायकांच्या डब्याकडे वळल्या. जाता जाता उरलेली सुकेळी माझ्या हातात कोंबून म्हणाल्या, "घरी मुलांना द्या. आणि नाताळला या हं."

गाडी खाडी ओलांडत होती. काठच्या घरांतून पणत्या लागल्या होत्या. नाताळला जायचे, हे मी मनाशी ठरवून टाकले. आणि या खेपेस घरातल्यांना आधी सांगून!